सरड्याची पेटी: सुताराकडे जाण्याआधी करायची गणितं

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. "सरड्यांच्या वर्तनावर काम करायचंय. लाकडी पेटी करून घ्यायची आहे. माप काय ठेवू?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर फक्त मापाचं नाही. तुम्ही सरडा ज्या पेटीत ठेवणार, ती पेटी हेच तुमच्या प्रयोगातलं सगळ्यात मोठं उपकरण असतं. सूक्ष्मदर्शक घेताना त्याची क्षमता बघतो, तराजू घेताना तो किती अचूक आहे हे विचारतो. पेटी मात्र "सुताराला सांगितलं, त्यानं ठोकून दिली" अशी होते. मग प्रबंधातल्या 'पद्धती' या प्रकरणात तिच्या वाट्याला एक ओळ येते.

या लेखात उदाहरण हिंगणघाटचं घेतलंय. याचं कारण इथला उन्हाळा. इंटरनेटवर पेटी बांधण्याच्या ज्या कृती सापडतात त्या बहुतेक थंड देशांतल्या आहेत. तिथला प्रश्न असतो पेटी गरम कशी ठेवायची. वणेच्या काठी मे महिन्यात प्रश्न उलटा होतो. ती कृती जशीच्या तशी उचलली तर प्राणी मरतो.

आधी फाइल, मग फळी

हे घरी पाळण्यासाठी नाही, हे पहिल्यांदा स्पष्ट करतो. साप, घोरपड, स्टार कासव असे आपले देशी प्राणी घरी ठेवणं वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. 'कासव घरात असलं की भरभराट होते' म्हणून ठेवलं तरीही. स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१९ मध्ये साइटीसच्या पहिल्या परिशिष्टाची कडक बंदी आली, त्यामागे हीच हौस होती. कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साइटीसच्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांनाही नोंदणी करावी लागते.

संशोधनासाठी मार्ग आहे. अधिनियमाच्या कलम १२ खाली शिक्षण आणि वैज्ञानिक संशोधनासाठी परवाना मिळू शकतो. महाराष्ट्रात त्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जायचं, आणि हे कार्यालय नागपुरातच आहे. आपली प्रजाती कोणत्या अनुसूचीत आहे ते नव्या यादीत बघा, जुन्या पुस्तकावर विसंबू नका. प्रजाती कुठल्याच अनुसूचीत नसली तरी तुमच्या संस्थेच्या प्राणी आचार समितीची मंजुरी घ्या. त्या अर्जात प्राणी कुठे, कसे आणि किती दिवस ठेवणार हे लिहावं लागतं. म्हणजे पेटीचा आराखडा सुताराच्या आधी समितीसमोर जातो. हे चांगलंच आहे, कारण कागदावरची रेघ खोडता येते, कापलेला प्लाय जोडता येत नाही.

'शीतरक्ती' हा शब्द विसरा

शाळेत आपण सरपटणाऱ्या प्राण्यांना शीतरक्ती म्हणतो. उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त थंड नसतं, ते आपल्याइतकं किंवा त्याहून गरम असू शकतं. फरक एवढाच की तो उष्णता बाहेरून घेतो. १९४४ मध्ये काउल्स आणि बोगर्ट या दोघांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे प्राणी ऊन-सावलीत ये-जा करून शरीराचं तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतात, हे त्यातून पुढे आलं. सरडा स्वतः हलून थर्मोस्टॅटचं काम करतो.

यातून पेटीचा पहिला नियम निघतो. पेटीला 'एक योग्य तापमान' नसतं. पेटीत तापमानाचा उतार हवा: एक टोक गरम, दुसरं थंड आणि मधले सगळे टप्पे. उतार नसेल तर सरड्याची निवड संपते, आणि मग तुम्ही जे मोजता ते त्याचं वर्तन नसून त्याची लाचारी असते.

तापमान किती खोल परिणाम करतं, याचं एक उदाहरण आपल्या कुंपणावरच्या सरड्याचंच आहे. कॅलोटिस व्हर्सिकलर हा आपल्याकडे सगळीकडे दिसणारा, विणीच्या दिवसांत नराचा गळा लाल होणारा सरडा. २०१२ मध्ये इनामदार-दोड्डमनी, वाणी आणि शेषगिरी यांनी या सरड्याच्या अंड्यांबद्दल एक वेगळाच नमुना मांडला. अंडी उबवण्याचं तापमान वाढवत नेलं, तर पिल्लांत आधी माद्या जास्त, मग नर जास्त, पुन्हा माद्या, पुन्हा नर. आता विचार करा, तुमच्या पेटीत मादीनं अंडी घातली आणि पेटीची एक बाजू खिडकीकडे आहे. दोन-तीन अंशांचा फरक ही तुमच्यासाठी किरकोळ गोष्ट असेल, पण पिल्लाचं लिंग त्यावर ठरू शकतं.

एक शीट, एक पेटी

आता मापाकडे येऊ. दुकानात प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. त्यातून ४ बाय २ चे तीन तुकडे आणि २ बाय २ चे दोन तुकडे बरोबर निघतात: २४ अधिक ८, एकूण ३२ चौरस फूट. म्हणजे तीन लांब बाजू आणि दोन टोकं झाली. चौथी लांब बाजू काचेची. करवतीच्या पात्यात जाणारी जाडी आणि सांध्यावरची १८ मिलिमीटर धरून सुतार माप थोडं मागे-पुढे करेल, पण हिशेब हाच. एका शीटमध्ये एक पेटी, वाया काही नाही. बारा पेट्या लागणार असतील तर बारा शीट, आणि शक्यतो एकाच लॉटच्या.

हीच पेटी आडवी ठेवायची की उभी, हे प्राणी ठरवतो. जमिनीवर वावरणाऱ्यासाठी आडवी. कॅलोटिस झुडपावर चढणारा आहे, त्याच्यासाठी उभी: तळ २ बाय २, उंची ४ फूट. दिवा वर, सावली खाली. गरम हवा वरच जाते, त्यामुळे उतार आपोआप उभा तयार होतो आणि सरडा फांदीवर खाली-वर करून हवं ते तापमान निवडतो.

लाकूड का, काच का नाही? याचं नेहमीचं उत्तर 'लाकूड उष्णता धरून ठेवतं' हे आहे. ते किती खरं आहे ते मोजून बघू. अशी गणितं स्वतः करायची सवय लागणं हाच संशोधनाच्या तयारीचा अर्धा भाग आहे.

भिंतीचा उष्णतेला होणारा विरोध म्हणजे जाडी भागिले वाहकता. प्लायची वाहकता साधारण ०.१३ आणि काचेची साधारण १ (वॅट प्रति मीटर प्रति अंश). १८ मिलिमीटर प्लायचा विरोध होतो ०.१४ आणि ५ मिलिमीटर काचेचा ०.००५. म्हणजे प्लाय २८ पट चांगला! पण इथे थांबू नका. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हवेचा एक स्थिर पापुद्रा चिकटलेला असतो. त्याचा दोन्ही बाजूंचा मिळून विरोध साधारण ०.२४ धरतात, आणि तो प्लायलाही मिळतो, काचेलाही मिळतो. बेरीज केली की प्लाय ०.३८ आणि काच ०.२४५. म्हणजे २८ पटींचा फरक दीडपटीवर आला. लाकूड फायद्याचं आहे, पण जाहिरातीइतकं नाही.

पुढचं पाऊल. आपल्या पेटीत प्लाय साधारण ३ चौरस मीटर आणि काच पाऊण चौरस मीटर. या भिंतींतून दर अंशाच्या फरकाला साधारण ११ वॅट उष्णता बाहेर जाते. आत ५० वॅटचा दिवा लावला तर पेटीचं सरासरी तापमान खोलीपेक्षा साधारण साडेचार अंशांनी वाढतं. संपूर्ण काचेच्या पेटीत तेच सव्वातीन अंशांच्या आसपास. झरोक्यांतून जाणारी उष्णता यात धरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे कमी येतील.

आता हे साडेचार अंश हिंगणघाटच्या कॅलेंडरवर ठेवा. डिसेंबरच्या रात्री खोली १५ अंशांवर असेल तर ही वाढ हवीहवीशी वाटेल. मे महिन्यात दुपारी बंद खोली ४० वर असेल, तर पेटीची सरासरी ४४ च्या पुढे आणि दिव्याखालची फांदी त्याहून किती तरी जास्त. बहुतेक सरड्यांची सहनशक्ती चाळिशीच्या थोडी वर संपते. पेटी छोटी असते, पळायला सावली नसते. रानातला सरडा अशा वेळी बिळात, पानांखाली, दगडाच्या फटीत जातो. पेटीतल्या सरड्याला तुम्ही दिलं असेल तेवढंच मिळतं.

उन्हाळ्याची सोय आधी, दिव्याची नंतर

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पाणी न उडवता, यंत्र न लावता कुठलीही पेटी खोलीपेक्षा फार काळ थंड राहू शकत नाही. म्हणून पेटीच्या आधी खोली बघा. विदर्भात आपल्याकडे कूलर आहे, आणि तो कोरड्या उन्हाळ्यात खरंच काम करतो. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याचं तापमान साधारण २३ अंश येतं. कूलर या दोहोंतलं सुमारे ७० टक्के अंतर कापतो असं धरलं, तर त्यातून २९-३० अंशांची हवा मिळते. ऑगस्टमध्ये मात्र ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम दीड अंश खाली आणतो. त्यामुळे उन्हाळ्यातली नोंद आणि पावसाळ्यातली नोंद यांची तुलना करताना फक्त तापमान सांगून भागत नाही, आर्द्रताही लिहावी लागते.

आणि वीज गेली तर? हा प्रश्न समितीनं विचारला नाही तरी तुम्ही स्वतःला विचारा. दुपारी दोन वाजता कूलर बंद पडला, तर किती मिनिटांत खोली किती चढते हे प्राणी आणण्याआधी एकदा प्रत्यक्ष मोजा. एक साधी सोय प्रत्येक पेटीत करता येते. फुटक्या माठाचं खापर पालथं घालून ओलसर मातीवर ठेवा. माठात पाणी गार होतं त्याच कारणानं खापराखालची जागा गार राहते, आणि सरड्याला लपायलाही जागा होते. खोली अमुक अंशांच्या पुढे गेली की दिवे आपोआप बंद व्हावेत आणि तरीही तापमान चढतच राहिलं तर प्राणी ठरलेल्या गार जागी हलवावेत, हा नियम आधी लिहून ठेवा. त्या दुपारी डोकं चालेलच असं नाही. प्रयोग मे टाळून करता येत असेल तर सगळ्यात उत्तम.

कुठला प्लाय, कुठला रंग

प्लायच्या शीटवर भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. आयएस ३०३ हा सर्वसाधारण वापराचा, आणि आयएस ७१० हा पाण्यात टिकणारा, ज्याला बाजारात मरीन म्हणतात. साध्या एमआर प्लायमध्ये सहसा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. तो ओलाव्यात सुटतो आणि नवा असताना वास सोडतो. आपल्या कामाला ७१० बरा. एमडीएफ नको, पाणी लागलं की फुगतं.

दुकानदार आग्रहानं सांगेल, "ताई, वाळवीचं औषध मारलेला घ्या." तो फर्निचरचा विचार करतोय. कीटकनाशक कीटकांसाठी असलं तरी तुमचा सरडा भिंत चाटतो आणि भिंतीवरचा किडा खातो. औषध मारलेलं लाकूड आत नको. देवदारसारखं तीव्र वासाचं लाकूडही नको. वाळवीसाठी पेटी जमिनीपासून उंच ठेवा, लोखंडी स्टँडवर. मुंग्यांसाठी जुन्या जाळीच्या कपाटाची युक्ती वापरा: स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत. मुंग्या अंड्यांचा आणि आजारी प्राण्याचा फडशा पाडतात.

आतून पाण्यात विरघळणाऱ्या पॉलियुरेथेनचे दोन-तीन हात द्या, कडा आणि सांधे विसरू नका. सांध्यांत बुरशीनाशक नसलेलं सिलिकॉन भरा. मग पेटी उघडी ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत थांबा. यात आठवडे जातात, ते वेळापत्रकात आधीच धरा. हवेसाठी थंड बाजूला खाली एक झरोका आणि गरम बाजूला वर एक. खालून आत, वरून बाहेर, हवा आपोआप फिरते. जाळी बारीक आणि गुळगुळीत हवी, नाहीतर सरडा नाक घासून जखमी होतो. चारा टाकायला एक छोटं दार वेगळं करा, म्हणजे रोज पूर्ण काच उघडायला नको.

लाकडाचा एक फायदा गणितात दिसत नाही. ते अपारदर्शक आहे. काचेच्या शेजारी-शेजारी पेट्यांत दोन नर दिवसभर एकमेकांना दिसतात, गळे फुगवतात, आणि तुम्हाला वाटतं की हे तुमच्या प्रयोगाचं फळ आहे. तीन बाजू लाकडाच्या असल्या की तो गोंधळच होत नाही.

काचेबद्दल अजून एक. साधी काच यूव्ही-बी किरणं जवळजवळ सगळी अडवते. म्हणून खिडकीतून आलेलं ऊन सरड्याला ऊब देतं, पण त्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करत नाही, आणि पुढे हाडं मऊ होतात. यूव्ही-बी दिवा पेटीच्या आत, पण सरड्याला स्पर्श करता येणार नाही असा बसवा. दिव्याला टायमर लावा. हिंगणघाटला दिवस वर्षभरात साधारण ११ ते साडेतेरा तासांचा होतो. रात्री अभ्यास करताना खोलीतला उजेड चालू ठेवलात तर सरड्याचा दिवसही लांबतो.

बेडकासाठी हीच पेटी चालेल का?

नाही. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाकडच्या त्वचेतून शोषतो. जे पाण्यात उतरतं ते बेडकात उतरतं: गोंद, रंग, औषध, साबण, सगळं. शिवाय लाकडाच्या छिद्रांत शिरलेली बुरशी पूर्ण धुऊन निघत नाही. बेडकांसाठी लाकूड फक्त बाहेरच्या चौकटीला वापरा, आत काचेची टाकी, तळाला थोडा उतार आणि पाणी सोडायला तोटी. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन निघून जायला पाणी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग वापरा. गरम दिवा मात्र लावू नका.

आता पेटी मोजा

पेटी तयार झाली म्हणजे उपकरण तयार झालं, त्याची तपासणी बाकी आहे. प्राणी आणण्याआधी किमान आठवडाभर रिकामी पेटी चालवा. वर, मध्ये, खाली, दिव्याखाली आणि खापराखाली असे पाच सेन्सर लावा. डीएस१८बी२० हा छोटा सेन्सर स्वस्त आहे आणि मायक्रोकंट्रोलरला सहज जोडता येतो. पण हवेचं तापमान म्हणजे सरड्याचं तापमान नव्हे. दिव्याखाली बसलेल्या सरड्याला किरणांची उष्णताही मिळते. यावर बॅकन आणि गेट्स यांनी १९७५ मध्ये मांडलेली कल्पना आजही वापरतात: सरड्याच्या आकाराची, त्याच्यासारख्या रंगाची पोकळ वस्तू ठेवा आणि तिच्या आतलं तापमान मोजा. तांब्याच्या नळीचा १० सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही तोंडं बंद, आत सेन्सर, वर सरड्याच्या रंगाचा हात. त्या जागी 'न हलणारा सरडा' किती तापेल ते ही नळी सांगते.

शेवटचा मुद्दा पेट्यांच्या संख्येचा, कारण परीक्षक इथेच अडवतात. एका मोठ्या गरम पेटीत सहा सरडे आणि एका थंड पेटीत सहा सरडे ठेवले, तर तुमचा नमुना बारा सरड्यांचा झाला असं वाटतं. तुलना मात्र फक्त दोन पेट्यांची झालेली असते. गरम पेटीच्या रंगाला वास होता की तिच्यात एक दांडगट नर होता, हे नंतर वेगळं काढता येत नाही. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या चुकीला 'आभासी पुनरावृत्ती' या अर्थाचं नाव दिलं. उपाय सुतारकामातच आहे: लहान पण जास्त पेट्या, एका पेटीत एक सरडा, आणि कुठली पेटी गरम, कुठली थंड, कुठली खिडकीजवळ हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. ओळीनं मांडल्यात तर खिडकी तुमच्या प्रयोगात तुमच्या नकळत भाग घेईल.

पेटी प्राण्याला बदलते, हे विसरू नका. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी पवनचक्क्यांचा अभ्यास केला, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले, आणि त्या सरड्यांची भीती आणि ताणाची संप्रेरकंही बदललेली आढळली. हे सरडे 'सारडा' या प्रजातिगटातले, ज्याचं शास्त्रीय नाव २०१६ मध्ये आपल्या 'सरडा' या शब्दावरूनच ठेवलं गेलं. खुल्या पठारावर एक शत्रू कमी झाला तर एवढा फरक पडतो. चार फुटी पेटीत शत्रू नाही, शेजारी नाही, वारा नाही. तिथे पडणारा फरक गृहीत धरूनच निष्कर्ष लिहायला हवा.

म्हणून प्रबंधात पेटीला एक ओळ देऊ नका. माप, प्लायची जाडी आणि प्रकार, आतला लेप, काच कुठे, दिवा किती वॅटचा आणि किती उंचीवर, टायमर, पाच जागांची तापमानं, आर्द्रता, खोलीत पेट्यांची मांडणी आणि चिठ्ठ्यांची पद्धत, हे सगळं लिहा. कसोटी सोपी आहे. तुमचं ते पान घेऊन वर्ध्यातला किंवा गोंदियातला एखादा विद्यार्थी सुताराकडे गेला, तर त्याला फोन न करता तीच पेटी बनवून घेता यायला हवी. आणि त्या पेटीतला सरडा महिनाभरानं जिथून आणला त्याच कुंपणावर, आला त्याच वजनाचा, परत सोडता यायला हवा.